अनोळखी मांडवातील छायाचित्रकार

लग्नाची छायाचित्रे काढायची म्हणजे वेळेवर कळ दाबायची, अशी पुष्कळांची समजूत असते. आमचीही होती. कोलकात्याच्या एका लग्नघरात ती एका रात्रीत गेली.

पुण्यातील आमच्या एका बंगाली स्नेह्यांच्या पुतणीचे लग्न अग्रहायणात, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस होते. पहिला धडा सूर्याने दिला. कोलकाता पुण्याच्या पूर्वेस सुमारे १४.५ अंशांवर आहे. एका अंशाला ४ मिनिटे धरली, तर घड्याळ एकच असूनही तेथे दिवस जवळजवळ तासभर आधी कलतो. त्या दिवसांत पाचच्या आतच सूर्य मावळतो, आणि बंगाली लग्ने बहुधा संध्याकाळी वा रात्री लागतात. तेव्हा दिव्यांवरच भिस्त. त्यातून नवरदेवाच्या डोक्यावर शोल्याचा पांढराशुभ्र टोपर. प्रकाश जरा जास्त झाला की त्याची नक्षी पार पुसून जाते.

दुसरा धडा मात्र महाग पडला. आपल्याकडे अंतरपाट दूर होण्याची वेळ मंगलाष्टके सांगतात. त्या सवयीने आम्ही भटजींच्या मागे जागा धरली. तेथे अंतरपाट नव्हताच! विड्याच्या पानांनी मुख झाकून वधू पाटावर बसली. भावांनी तो पाट उचलून वराभोवती सात फेरे घातले. उलुध्वनी झाला, शंख वाजले, पाने खाली आली आणि दोघांची नजर भेटली. हीच ‘शुभदृष्टी’. आमच्या भिंगासमोर त्या क्षणी एका भावाची पाठ होती.

“पुन्हा उचलू का?” एकाने विचारले. आम्हांला मोह झाला. पण वधूच्या आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, “शुभदृष्टी एकदाच होते, बाबा.” मग त्यांनी जे सांगितले, त्याने आम्ही अधिकच खजील झालो. अनेक बंगाली घरांत आई मुलीचे लग्न लागताना पाहत नाही. या वधूची आईही आतल्या खोलीत बसली होती. तिला तो क्षण आमच्या चित्रातच दिसायचा होता.

पुढचा क्रम आत्याबाईंनी सांगितला. सिंदूरदान काही घरांत त्याच रात्री, तर काही घरांत दुसऱ्या सकाळी होते; या घरी ते रात्रीच व्हायचे होते. वर सिंदूर भरतो आणि वधूच्या मस्तकावर नवे वस्त्र ओढले जाते. त्या बसवतील तेथे आम्ही बसलो, आणि ते चित्र साधले. पहाटे ते आईला दाखवले. ती बराच वेळ पाहत राहिली, मग विचारले, “आणि शुभदृष्टीचे?” आम्हांला मान खाली घालावी लागली.

परक्या प्रांतात यंत्राआधी चौकशी न्यावी. आदल्या दिवशी घरातील एखाद्या वडीलधाऱ्या बाईपाशी अर्धा तास बसावे. कोणता विधी केव्हा, कोठे उभे राहावे, काय टिपू नये आणि चित्रांची वाट कोण पाहत आहे, हे विचारावे. डोळ्याला जे ठाऊक नाही, ते भिंगाला दिसत नाही.