विश्लेषण : टेबल लहान, मॉनिटर दोन… एकावर एक बसवताना माउंट कसा निवडावा?

घरून काम सुरू झाले तेव्हा लॅपटॉपला एक मॉनिटर जोडला गेला. कामाचा व्याप वाढला तशी दुसऱ्याची गरज भासू लागली. पण दोन मॉनिटर शेजारी शेजारी ठेवायला लागणारे लांब टेबल मुंबई-पुण्यातील वन-बीएचके घरात मावतेच असे नाही. मग एकावर एक मॉनिटर बसवण्याचा पर्याय पुढे येतो. त्यासाठीचे माउंट ऑनलाइन बाजारात भरपूर आहेत आणि जवळपास सगळ्यांवर ‘मजबूत’ असेच लिहिलेले असते. प्रत्यक्षात मजबुती ही एकट्या माउंटची नसते. ती माउंट, मॉनिटर आणि टेबल या तिघांची मिळून ठरते. त्यात सर्वांत आधी दगा देते ते बहुतेकदा टेबल. ते कसे, हे समजून घेऊया.

एकावर एक मॉनिटर कशासाठी?

मुख्य कारण जागा. २७ इंची मॉनिटरची रुंदी कडांसह साधारण ६१ सेंटिमीटर असते. असे दोन शेजारी ठेवले तर १२२ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे चार फूट लागतात. बाजारात सर्रास मिळणारे तीन फुटी टेबल त्याला पुरत नाही. तेच मॉनिटर एकावर एक बसवले तर रुंदी ६१ सेंटिमीटरच राहते आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंना वही, चहाचा कप, लॅपटॉप ठेवायला जागा उरते.

दुसरे कारण कामाच्या स्वरूपाचे. प्रोग्रॅमर, अकाउंटंट, शेअर बाजाराचे काम करणारे किंवा व्हिडीओ संपादक यांचे बहुतांश काम एका पडद्यावर चालते. दुसऱ्यावर अधूनमधून नजर टाकायची असते. अशा कामाला वर-खाली मांडणी चालते. दोन्ही पडद्यांकडे सारखेच पाहायचे असेल, तर मात्र ही मांडणी मानेला त्रासाची ठरते.

वजन तेवढेच, मग ताण का वाढतो?

पाण्याची बादली अंगाजवळ धरली तर सहज पेलते. हात लांब करून धरली की खांद्याला रग लागते. बादलीचे वजन बदललेले नसते, फक्त अंतर वाढलेले असते. माउंटचेही तसेच आहे.

समजा, दोन मॉनिटरचे मिळून वजन १० किलो आहे आणि ते पोलपासून ४० सेंटिमीटर पुढे आलेले आहेत. क्लॅम्पची टेबलावरची पकड १० सेंटिमीटर खोल आहे. ढोबळ हिशेबाने क्लॅम्पच्या पुढच्या कडेवर ४० किलोइतका दाब खाली आणि मागच्या कडेला खालून तेवढाच दाब वर, असा पीळ टेबलाच्या फळीवर पडतो. हेच मॉनिटर पोलपासून फक्त १२ सेंटिमीटर पुढे असतील, तर हा दाब १२ किलोवर येतो. मॉनिटर तेच, वजन तेच. ताण तिपटीहून कमी!

म्हणून निवडताना पहिला नियम हा की, मॉनिटर पोलच्या जितके जवळ राहतील तितके चांगले. टेबल खोलीला लहान असेल आणि मॉनिटर पुढे-मागे करण्याची गरज नसेल, तर लांब घडीच्या आर्मपेक्षा आखूड आर्मचा माउंट अधिक स्थिर ठरतो. घडीच्या आर्मचा कोपर मागे वळतो, त्यामुळे टेबल भिंतीला चिकटवता येत नाही, ही अडचणही टळते.

पोल किती उंच आणि किती जाड हवा?

इथे अनेकांची फसगत होते. दोन मॉनिटर शेजारी लावण्यासाठी असलेल्या माउंटचा पोल बहुधा ४० ते ५० सेंटिमीटरचा असतो. तो वर-खाली मांडणीला अपुरा पडतो.

हिशेब असा. २७ इंची मॉनिटरची उंची कडांसह साधारण ३६ सेंटिमीटर. खालचा मॉनिटर टेबलापासून १० सेंटिमीटर वर ठेवला, तर त्याचा मध्य २८ सेंटिमीटरवर येतो. दोघांमध्ये एक सेंटिमीटर फट सोडली, तर वरच्याचा मध्य ६५ सेंटिमीटरवर. म्हणजे आर्म स्वतः वर उचलला जात नसेल, तर पोल किमान ७० सेंटिमीटर हवा. २४ इंची जोडीला साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर पुरतात. ३२ इंची जोडीसाठी ७५ ते ८० सेंटिमीटर लागतात.

पण पोल उंच झाला की तो डुलतो. वरच्या टोकाला तेवढाच धक्का दिला, तर पोलचे वाकणे उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे एकसारख्या नळीचा ७० सेंटिमीटरचा पोल ४५ सेंटिमीटरच्या पोलपेक्षा जवळपास पावणेचार पट अधिक हलतो. टाइप करताना वरचा पडदा थरथरतो, त्यामागचे एक कारण हे.

त्यावर उपाय जाडीचा. नळीच्या पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास २८ मिलिमीटरवरून ३५ मिलिमीटर केला, तर पोलचा ताठपणा जवळपास दुप्पट होतो. साहित्यानेही फरक पडतो. त्याच मापाची पोलादी नळी ॲल्युमिनियमच्या नळीपेक्षा सुमारे तिप्पट ताठ असते. आर्म ॲल्युमिनियमचा असला तरी हरकत नाही. पोल पोलादी आणि शक्यतो ३५ मिलिमीटर किंवा अधिक व्यासाचा असावा. दोन तुकडे स्क्रूने जोडून उंच केलेला पोल असेल, तर जोडाजवळ तो सैल होण्याची शक्यता असते. एकसंध पोलला प्राधान्य द्यावे.

खोक्यावरच्या ‘३२ इंच, ८ किलो’चा अर्थ काय?

इंचांचा आकडा फक्त मॉनिटर आडवा मावेल का, हे सांगतो. खरा आकडा वजनाचा. तो बहुधा एका आर्मपुरता असतो, दोन्ही मिळून नव्हे. पण काही विक्रेते एकूण वजन लिहितात. खरेदीआधी हे नीट वाचावे.

मॉनिटरचे वजनही स्टँडशिवायचे पाहावे. कंपनीच्या तपशिलात ‘विदाउट स्टँड’ असा वेगळा आकडा असतो. साधारणपणे २४ इंची पॅनेल तीन ते चार किलो, २७ इंची चार ते सहा किलो आणि ३२ इंची सहा ते आठ किलो भरते. आर्मच्या क्षमतेच्या तीन चतुर्थांशापर्यंतच वजन लादणे शहाणपणाचे. वक्र मॉनिटरचा भार पुढे झुकलेला असतो; वजन मर्यादेत असूनही त्याचे तोंड हळूहळू खाली पडू शकते. त्यासाठी क्षमता आणखी जास्त घ्यावी.

मॉनिटरच्या मागे असलेल्या चार छिद्रांच्या मापाला ‘व्हेसा’ म्हणतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या व्हिडीओ इलेक्ट्रॉनिक्स स्टँडर्ड्स असोसिएशन या उद्योगसंस्थेचे हे नाव. मॉनिटरमध्ये ७५ गुणिले ७५ आणि १०० गुणिले १०० मिलिमीटर ही दोन मापे सर्वाधिक आढळतात आणि त्यांना एम-४ स्क्रू लागतो. काही स्वस्त मॉनिटरना ही छिद्रेच नसतात, तर काहींची खोलगट जागेत असतात आणि मध्ये स्पेसर घालावा लागतो. लांब स्क्रू जबरदस्तीने फिरवला तर आतल्या भागाला इजा होऊ शकते. लांबी मॉनिटरच्या माहितीपुस्तिकेतून तपासावी.

गॅस स्प्रिंग की साधा आर्म?

गॅस स्प्रिंगच्या आर्ममध्ये दाबलेल्या वायूची नळी मॉनिटरचे वजन तोलून धरते. बोटाने मॉनिटर वर-खाली करता येतो. पण या आर्मला कमाल वजनाइतकीच किमान वजनाची मर्यादाही असते. मॉनिटर फार हलका असेल, तर आर्म आपोआप वर उचलला जातो. त्याची उंची स्प्रिंगच्या जोरावर टिकते, त्यामुळे मॉनिटर बसवल्यावर षटकोनी पान्याने जोर जुळवून घ्यावा लागतो.

साध्या आर्ममध्ये उंची कॉलर सैल करून बदलावी लागते. पण वर-खाली मांडणीत उंची एकदा ठरली की ती रोज बदलायची नसते. त्यामुळे या मांडणीसाठी साधा आर्म पुरेसा आहे आणि त्यात बिघडण्यासारखे भागही कमी. मात्र वरच्या आर्मच्या खाली पोलवर स्वतंत्र सेफ्टी कॉलर आहे ना, हे जरूर पाहावे. मुख्य स्क्रू ढिला झाला, तर वरचा मॉनिटर खालच्यावर घसरण्यापासून तोच अडवतो.

तुमचे टेबल पेलेल का?

माउंटवर दहा हजार खर्चून तो कमकुवत फळीला लावला, तर उपयोग नाही. भरीव लाकूड किंवा १८ ते २५ मिलिमीटरचा चांगला प्लायवूड या कामाला उत्तम. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा आणि चिपा दाबून केलेली फळी. वरून सनमायका असल्याने ती प्लायवूडसारखीच दिसते, पण क्लॅम्पच्या लहानशा चकतीखाली ती हळूहळू चेपते. ओल लागली तर फुगते आणि सुटते. कोकणपट्टीतल्या दमट हवेत याची विशेष काळजी घ्यावी.

काही हलक्या टेबलांच्या आत तर मधाच्या पोळ्यासारखी कागदी जाळी असते. टेबल आकाराच्या मानाने फारच हलके असेल आणि ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर त्यावर क्लॅम्प लावू नये. काचेच्या टेबलाला तर अजिबात नको.

पार्टिकल बोर्ड असेल तर दाब पसरवणे हा उपाय. क्लॅम्पच्या वर आणि खाली पोलादी मजबुतीकरण पट्ट्या मिळतात. त्या नसतील तर सुताराकडून १२ मिलिमीटर प्लायवूडचे वीतभर लांबीचे दोन तुकडे कापून घेतले तरी काम होते. फक्त फळी आणि तुकडे मिळून होणारी जाडी क्लॅम्पच्या जबड्यात बसते का, हे आधी मोजावे. टेबलाच्या मागच्या कडेखाली आडवी पट्टी, ड्रॉवर किंवा लोखंडी फ्रेम असेल, तर क्लॅम्पला जागाच मिळत नाही. टेप घेऊन हेही मोजून पाहावे.

क्लॅम्प, छिद्र की भिंत?

टेबलात वायरसाठी छिद्र असेल तर ग्रोमेट माउंट, म्हणजे छिद्रातून आरपार जाणाऱ्या बोल्टचा माउंट, हा अधिक घट्ट पर्याय. तो कडेवरून निसटत नाही. भाड्याच्या घरात किंवा काचेच्या टेबलावर रुंद पायाचा स्वतंत्र स्टँड वापरता येतो. पण तो टेबलाची बरीच जागा खातो आणि उंच मांडणीत जास्त हलतो.

भिंतीवर माउंट लावला तर टेबल हलले तरी पडदा हलत नाही. मात्र नव्या इमारतींतील अनेक आतल्या भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या असतात. साधा प्लास्टिकचा गिट्टा त्यात घट्ट बसत नाही, त्या ब्लॉकसाठीचे खास अँकर वापरावे लागतात. घर भाड्याचे असेल तर ड्रिल करण्याआधी मालकाची परवानगी घ्यावी.

मानेचे काय?

अमेरिकेतील कामगार सुरक्षा यंत्रणा ‘ओशा’च्या मार्गदर्शनानुसार, मॉनिटरची वरची कड नजरेच्या पातळीवर किंवा थोडी खाली असावी आणि अंतर साधारण ५० ते १०० सेंटिमीटर असावे. वर-खाली मांडणीत हा नियम फक्त खालचा मॉनिटर पाळू शकतो. वरचा पूर्ण पडदा नजरेच्या वर जातो. म्हणून मुख्य काम खाली आणि मेल, चार्ट, बैठकीची खिडकी वर, अशी विभागणी करावी. वरचा मॉनिटर १५ ते २० अंश खाली झुकवावा. खरेदी करताना आर्म तेवढा झुकतो का, हे तपासावे.

बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरणाऱ्यांनी अधिक विचार करावा. जवळचे पाहण्याचा भाग भिंगात खाली असल्याने वरचा पडदा वाचण्यासाठी मान मागे न्यावी लागते. त्यांच्यासाठी उभ्या आकाराचा एकच मॉनिटर हा पर्यायही आहे. एलजीने डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर केलेला ‘ड्युअलअप’ १६ गुणिले १८ प्रमाणाचा आहे. त्यात २१.५ इंची दोन पडदे एकावर एक ठेवल्याइतकी जागा मिळते आणि उंचीही कमी राहते.

बसवताना कोणती काळजी घ्यावी?

हे काम एकट्याने करू नये. आधी क्लॅम्प आणि पोल घट्ट करावा, मग खालचा मॉनिटर, शेवटी वरचा. वरच्या मॉनिटरच्या केबल लांब लागतात. दोन मीटरची केबल आधीच आणून ठेवावी आणि थोडी सैल सोडावी. गॅस स्प्रिंगच्या आर्मवरून मॉनिटर काढताना आर्म आधी पूर्ण वर न्यावा. खाली दाबलेल्या अवस्थेत मॉनिटर काढला, तर आर्म झटक्यात वर उसळून चेहऱ्याला लागू शकतो.

बसवून झाल्यावर वरच्या मॉनिटरची वरची कड बोटाने हलकेच ढकलावी. दोन-तीन हेलकाव्यांत तो थांबला तर ठीक. थांबत नसेल तर पोल हलतो की फळी, ते पाहावे. क्लॅम्पजवळ फळी वाकताना दिसली तर दोष माउंटचा नाही. आठवड्याने क्लॅम्प पुन्हा आवळावा, कारण फळी थोडी चेपलेली असते. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी एकदा तपासले तरी पुरे.

खर्च कुठे करावा?

दोन मॉनिटरचे माउंट साधारण दोन-अडीच हजारांपासून वीस-पंचवीस हजार रुपयांपर्यंत मिळतात. वर-खाली मांडणीसाठी महागड्या हालचालींपेक्षा जाड पोलादी पोल, आखूड आर्म, रुंद क्लॅम्प आणि सेफ्टी कॉलर या चार गोष्टींना पैसे मोजावेत. बजेट मर्यादित असेल, तर साधा पण भक्कम माउंट घ्यावा आणि वाचलेल्या पैशांतून टेबलाला प्लायवूडची फळी बसवून घ्यावी. वरचा मॉनिटर कीबोर्डवरच्या हातांच्या अगदी जवळ असतो, तेव्हा हा खर्च वाचवू नये.