निवासी शाळेतील शिक्षकाचा दिवस

निवासी शाळेतील शिक्षकाचा दिवस शेवटच्या घंटेबरोबर संपत नाही. सायंकाळचा अभ्यासवर्ग, भोजनाची रांग, रात्री तापाने फणफणलेले लेकरू, घरच्या आठवणीने मुसमुसणारा पाचवीतला मुलगा, हे सारे त्याच्याच वाट्याला येते. म्हणून शिक्षकाचा थकवा ही त्याची खासगी बाब आहे, असे आम्ही मानीत नाही. दमलेला शिक्षक आधी प्रश्न टाळू लागतो, मग फळ्यावरचे नुसते उतरवून घ्यायला सांगतो आणि शेवटी ओरडू लागतो. ज्याच्या घरी शिकविणारे कोणी नाही, त्या मुलाला याची झळ सर्वाधिक बसते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस धरण्याची त्याला लाज वाटू नये, अशी त्यांची अपेक्षा होती. त्याच निवेदनात किमान १२ रुपये आणि मोठ्या गावी १५ ते २० रुपये पगाराची मागणीही आहे. बहुजनांच्या मुलांचे शिक्षण आणि शिक्षकाची भाकर त्यांनी वेगळी मानली नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकासाठी आठवड्याला ४५ तास ठरविले आहेत आणि त्यांत पाठाची पूर्वतयारीही धरलेली आहे. जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका वगळता अशैक्षणिक काम देऊ नये, असे कलम २७ सांगते. प्रत्यक्षात माहितीचे तक्ते भरण्यातच पूर्वतयारीचा तास जातो, हे आम्ही शिक्षकांनी वेगळे सांगायला नको.

जे आपल्या हाती आहे, ते मात्र करता येते. साठ वह्या, प्रत्येकी तीन मिनिटे धरली तरी तीन तास होतात. रोज दहाच वह्या नीट वाचाव्यात, म्हणजे अर्ध्या तासाचे काम उरते आणि सहा दिवसांत प्रत्येक मुलाची वही एकदा मनापासून पाहिली जाते. उरलेली तपासणी मुलांनी अदलाबदल करून करावी. दुसऱ्याची चूक शोधताना मुलाला आपलीही दिसते.

इतिहासाच्या तासाला आम्हांस दारव्ह्याची शकुंतला रेल्वे फार उपयोगी पडते. यवतमाळ ते मूर्तिजापूर हा अरुंद मार्ग ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी घातला. दिवाळीच्या सुटीत मुलांनी आजी-आजोबांना विचारून यावे: गाडीत कोण बसे, भाडे किती असे, कापूस कोठे जाई? परतल्यावर तीच बोलतात, नकाशा काढतात, आणि कापूस आपला तर गाडी कोणाची, हा प्रश्न त्यांचा तेच विचारतात. वसाहतवाद समजावण्यासाठी शिक्षकाने घसा कोरडा करण्याची गरज राहत नाही.

आणखी एक गोष्ट प्रत्येक शिक्षकाला हवी: आठवड्यातील एक सायंकाळ पूर्णपणे मोकळी. त्या वेळी त्याने आपल्या घरी असावे, वाचावे, किंवा काहीही करू नये. पाळी लावल्याशिवाय हे होत नाही आणि पाळीला माणसे लागतात. दारव्हा-यवतमाळ परिसरातील माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक सायंकाळ अभ्यासवर्ग सांभाळला, तर आमच्या तुकडीचा मोठाच भार हलका होईल. पालकांनाही विनंती आहे: मुलाची चौकशी जरूर करावी, पण फोन ठरलेल्या वेळी करावा, रात्री दहानंतर केवळ आजारपणासाठी.