अनोळखी हातांतून आलेली फाईल

समजा, एका संगणकावर ७०० मेगाबाइटची एक फाईल आहे. ती लिनक्ससारख्या मुक्त परवान्याच्या प्रणालीची आहे. म्हणजे ती कोणीही उतरवून घ्यावी आणि दुसऱ्यालाही द्यावी, त्यात गैर काही नाही. एक हजार शाळांनी ती एकाच दिवशी मागितली, तर त्या एका संगणकाला ७ लाख मेगाबाइट माहिती पाठवावी लागेल. पंगतीला हजार पाने आणि वाढपी एकच, अशी ही अवस्था. यावर सोपा उपाय सुचतो, तो असा, की ज्याच्याकडे फाईल पोचली त्याने ती पुढच्याला द्यावी. फाईल दिल्याने कमी होत नाही. उलट जेवढे घेणारे वाढतील तेवढे वाढपीही वाढतील.

संगणकांनी आपापसांत अशी थेट देवघेव करण्याच्या पद्धतीला 'पिअर टू पिअर' म्हणतात. बरोबरीच्यांची देवघेव, असे आपण तिला म्हणू. पण यात लगेच एक अडचण उभी राहते. देणारा अनोळखी आहे. त्याच्या फाइलीत वाटेत बिघाड झाला नसेल कशावरून? त्याने मुद्दाम काही मिसळले नसेल कशावरून? देणाऱ्यावर विश्वास न ठेवताही त्याने दिलेल्या वस्तूवर विश्वास कसा ठेवता येतो, आणि तो कुठवर ठेवावा, हे या लेखात पाहू या.

यादी कोणाकडे?

१९९९ साली शॉन फॅनिंग या अमेरिकन तरुणाने 'नॅपस्टर' ही आज्ञावली आणली. गाणी लोकांच्या स्वतःच्या संगणकांवर असत. मात्र कोणते गाणे कोणाकडे आहे याची यादी कंपनीच्या मध्यवर्ती संगणकांवर असे. यादी पाहायची आणि गाणे थेट त्या माणसाकडून घ्यायचे. यातली पुष्कळ गाणी हक्कधारकांच्या परवानगीवाचून वाटली जात होती. ध्वनिमुद्रण कंपन्या न्यायालयात गेल्या आणि जुलै २००१ मध्ये ही सेवा बंद पडली. कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी रचनेच्या दृष्टीने एक धडा मिळाला : यादी एकाच जागी असेल, तर ती जागा बंद होताच सगळेच बंद होते.

मार्च २००० मध्ये आलेल्या 'ग्नुटेला'त मध्यवर्ती यादीच नव्हती. प्रत्येक संगणक आपल्या काही शेजाऱ्यांना विचारी, ते त्यांच्या शेजाऱ्यांना विचारीत. बंद पाडायला एक जागा उरली नाही, पण एका प्रश्नासाठी गावभर दवंडी पिटावी लागे. शिवाय दुसरा एक दोष दिसला. एयतान अडार आणि बर्नार्डो ह्युबरमन या संशोधकांनी २००० सालीच मोजणी केली, तेव्हा जवळजवळ ७० टक्के लोक स्वतःची एकही फाईल वाटत नव्हते. पंगतीला सगळे बसले, वाढायला मात्र थोडेच उठले.

सावडीचा नियम

ब्रॅम कोहेन या अमेरिकन आज्ञावलीकाराने २००१ साली 'बिटटोरेंट' हा प्रोटोकॉल तयार केला. प्रोटोकॉल म्हणजे संगणकांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे ठरलेले नियम. यात फाइलीचे समान तुकडे पाडतात. आपली ७०० मेगाबाइटची फाईल २५६ किलोबाइटच्या तुकड्यांत कापली, तर २,८०० तुकडे होतील. ज्याला एक तुकडा मिळाला तो लगेच तो दुसऱ्याला देऊ शकतो. पूर्ण फाइलीची वाट पाहायला नको. जो तुकडा सर्वांत कमी जणांकडे आहे तो आधी मागायचा, असाही नियम आहे. नाहीतर तो तुकडा बाळगणारा एकमेव संगणक बंद झाला, की सगळ्यांचीच फाईल अपुरी राहील.

फुकट घेणाऱ्यांवरचा उपाय खेड्यातल्या सावडीसारखा आहे. आज तुम्ही आमच्या शेतावर या, उद्या आम्ही तुमच्या. प्रत्येक संगणक आपल्याला चांगल्या वेगाने तुकडे देणाऱ्या मोजक्यांनाच (मूळ आज्ञावलीत चौघांना) तुकडे देतो आणि दर १० सेकंदांनी हा हिशेब पुन्हा मांडतो. पण नवख्याकडे सुरुवातीला द्यायला काहीच नसते, मग त्याने काय करावे? त्याच्यासाठी एक जागा राखलेली असते. दर ३० सेकंदांनी, चिठ्ठी काढावी तसा कोणीतरी एक निवडून त्याला काही न घेता दिले जाते. असा नियम असल्यामुळे कोणी उपदेश न करताही देणाऱ्याचा फायदा होतो.

आधी ठसा, मग तुकडा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आलेला तुकडा खरा कशावरून? फाईल वाटणारा आधी एक छोटी फाईल तयार करतो. तिला टोरेंट फाईल म्हणतात. तिच्यात प्रत्येक तुकड्याचा 'हॅश', म्हणजे ठसा, नोंदवलेला असतो. माणसाची ओळख बोटाच्या ठशावरून पटते, तशी तुकड्याची या ठशावरून पटते. ठसा अवघा २० बाइटांचा असतो. म्हणजे २,८०० तुकड्यांचे ठसे मिळून ५६,००० बाइट, आणि मूळ फाईल सुमारे ७३ कोटी बाइटांची.

ठसा म्हणजे काय, हे वर्गात फळ्यावर करून दाखवता येईल. ४७२९ हा आपला तुकडा समजू. त्यातील अंकांची बेरीज २२, हा त्याचा ठसा. पण कोणी अंकांची अदलाबदल करून ४७९२ पाठवले, तरी बेरीज २२च येते. मग रीत सुधारू : पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ३ ने, चौथ्याला ४ ने गुणून बेरीज करू. ४७२९ साठी ४ + १४ + ६ + ३६ = ६०; ४७९२ साठी ४ + १४ + २७ + ८ = ५३. चूक पकडली गेली! आता मुलांना सांगावे, की ठसा ६०च येईल असा वेगळा तुकडा शोधा. थोड्याच वेळात कोणीतरी २८२९ शोधून काढील. सहज झालेली चूक पकडणे सोपे, पण ठरवून केलेली लबाडी पकडायची तर याहून पक्की रीत लागते, हे मुलांच्या तेव्हाच ध्यानात येते.

बिटटोरेंटने सुरुवातीला 'शा-१' ही रीत वापरली. तिचा ठसा १६० बिटांचा. शक्य असलेल्या ठशांची संख्या २ चा १६० वा घात, म्हणजे १ वर ४८ शून्यांहूनही अधिक. तुकड्यातला एक बिट बदलला तरी ठसा पार बदलतो, आणि दिलेल्या ठशाला जुळणारा दुसरा तुकडा बनवणे व्यवहारात अशक्य असते. तुकडा आला, की आपला संगणक त्याचा ठसा काढतो, यादीशी ताडतो आणि जुळला नाही तर तुकडा टाकून देऊन दुसऱ्याकडे मागतो. तुकडा कोणी दिला, हे विचारण्याची गरजच उरत नाही.

इतकेच नव्हे, तर या ठशांच्या यादीचाही एक ठसा काढतात. तो ४० अक्षरांत लिहिता येतो. म्हणजे ७३ कोटी बाइटांवरचा विश्वास आता ४० अक्षरांवर येऊन ठेपला.

ठसाही जुना होतो

फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधनसंस्था आणि गूगल यांच्या संशोधकांनी दोन वेगळ्या पीडीएफ फाइली दाखवल्या. दोहोंचा शा-१ ठसा एकच होता! त्यासाठी ९ वर १८ शून्ये इतक्या वेळा आकडेमोड करावी लागली. येथे एक फरक लक्षात घ्यावा. दोन्ही फाइली त्यांनी स्वतःच जुळवून बनवल्या होत्या. दुसऱ्याने आधीच केलेल्या फाइलीला जुळणारी फाईल बनवणे याहून कितीतरी कठीण आहे. तरीही भिंतीला तडा गेला, की शहाणा माणूस दुसरे घर पाहतो.

बिटटोरेंटच्या दुसऱ्या आवृत्तीत म्हणून २५६ बिटांचा 'शा-२५६' ठसा आला. तुकडेही १६ किलोबाइटपर्यंत लहान तपासता येऊ लागले. आपल्या फाइलीचे असे ४४,८०० तुकडे होतील आणि ३२ बाइटांप्रमाणे ठशांची यादीच १४ लाख बाइटांवर जाईल. ती टाळण्यासाठी राल्फ मर्कल यांनी १९७९ मध्ये मांडलेली 'ठशांच्या झाडा'ची कल्पना वापरली. बाद पद्धतीच्या सामन्यांचा तक्ता आठवा. दोन-दोन ठसे जोडून त्या जोडीचा ठसा काढायचा, मग अशा दोन जोड्यांचा, असे करत शेवटी एकच ठसा उरतो. तेवढा एक आपल्याकडे असला, की पुरे. कोणताही एक तुकडा तपासायला त्याच्या वाटेवरचे १६ जोडीदार ठसे, म्हणजे ५१२ बाइट लागतात.

ठसा काय सांगत नाही

ठसा फक्त एवढेच सांगतो, की 'ज्याने यादी केली त्याने वाटलेली हीच फाईल'. ती फाईल चांगली की वाईट, हे तो सांगत नाही. ४ मार्च २०१६ रोजी 'ट्रान्समिशन' या बिटटोरेंटच्या आज्ञावलीच्या अधिकृत संकेतस्थळावरच कोणीतरी तिची दूषित प्रत ठेवली. ती बसवणाऱ्यांच्या मॅक संगणकांत 'कीरेंजर' ही खंडणीखोर आज्ञावली शिरत होती. ती तीन दिवस गप्प राही, मग फाइली कुलूपबंद करून एक बिटकॉइन मागे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेथे पुन्हा तसाच प्रकार घडला. वाटपातले तुकडे कसोशीने तपासणारी आज्ञावली स्वतःच वेगळ्या दाराने दूषित होऊन आली होती.

म्हणून ठशाबरोबर अंकीय सही लागते. सही करणाऱ्याकडे एक गुप्त किल्ली असते आणि ती सही तपासणारी दुसरी किल्ली सर्वांसाठी खुली असते. उबुंटू ही लिनक्स प्रणाली आपल्या फाइलींचे ठसे प्रसिद्ध करते आणि ठशांच्या यादीवर सहीही करते. अर्थात ती खुली किल्ली खरोखर त्यांचीच आहे, याची खात्री कुठूनतरी करून घ्यावीच लागते. विश्वासाची गरज संपत नाही. ती एका लहानशा, तपासता येण्याजोग्या जागी गोळा होते.

दुसरी मर्यादा खासगीपणाची. तुकडे देणाऱ्या-घेणाऱ्यांना एकमेकांचे इंटरनेटवरचे पत्ते दिसतात, कारण त्याशिवाय तुकडा पाठवणारच कोठे? ठसे फाइलीचे रक्षण करतात. घेणारा कोण, हे ते लपवत नाहीत.

वर्गात चर्चेसाठी काही प्रश्न आम्ही सुचवतो. (१) ठसा आणि फाईल दोन्ही एकाच संकेतस्थळावरून घेतली, तर तपासणीला काय अर्थ उरतो? (२) सावडीच्या नियमातून नवख्याची राखीव जागा काढून टाकली, तर काही दिवसांनी काय होईल? (३) आठ तुकड्यांच्या ठशांचे झाड काढा. पाचवा तुकडा तपासायला कोणते तीन ठसे लागतील?