सुगीची उपकारस्तुती : खळे, घर आणि मंदिर

ग्रामीण मंडळीच्या वार्षिक जीवनात नाताळ व पुनरुत्थानदिन यांच्या खालोखाल लोक ज्या उपासनेला आवर्जून येतात, ती सुगीची उपकारस्तुती होय. त्या दिवशी वेदीपुढे ज्वारी-बाजरीची कणसे, भोपळे, वांगी, उसाची मोळी, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी असे सर्व मांडले जाते. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो व आलेली रक्कम मंडळीच्या खजिन्यात जमा होते. शहरात वाढलेल्या पुष्कळ बांधवांना हा प्रकार बाजारासारखा वाटतो. उलट खेड्यातील काही पाळकांना तो वार्षिक जमाखर्चातील केवळ एक बाब वाटतो. या सणाची घडण पवित्र शास्त्राच्या व आपल्या खेड्यांच्या प्रकाशात पाहावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, हा सण मंदिरात सुरू होत नाही व तेथे संपतही नाही. तो खळ्यावर सुरू होतो, घरातून मंदिरात येतो आणि ज्याच्या घरी पीक नाही त्याच्या दारी पुरा होतो.

१. सणाचा काळ

आज प्रचलित असलेली सुगीची उपासना इंग्लंडातून आली. कॉर्नवॉल परगण्यातील मॉर्वेनस्टो या गावचे पाळक रॉबर्ट हॉकर यांनी १८४३ च्या ऑक्टोबरात ती सुरू केली आणि पुढे ती सर्वत्र पसरली. तेथे त्या सुमारास गहू घरात आलेला असतो, म्हणून तो काळ तेथे योग्यच होता. आपल्याकडे बाजरीच्या मुलखात तो काळ जुळतो. परंतु जेथे शाळू हेच मुख्य पीक आहे, तेथे सप्टेंबर-ऑक्टोबर ही पेरणीची वेळ असते आणि कापणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. माळव्यातील गहूही उन्हाळ्याच्या तोंडाशीच निघतो. पेरणीसाठी बियाणे उसने आणलेल्या शेतकऱ्याने त्याच आठवड्यात पिकाबद्दल उपकार मानावेत, अशी अपेक्षा केली तर शब्द ओठांवरचे राहतात.

शास्त्राने मात्र सण पिकाला जोडले आहेत. लेवीय पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात प्रथम सातूच्या पेंढीचे ओवाळणे येते, मग सात सप्ताह मोजून पन्नासाव्या दिवशी नव्या गव्हाच्या भाकरी येतात आणि शेवटी फळे गोळा झाल्यावर मांडवांचा सण येतो. गोव्यातील कॅथलिक बांधवांनीही आपल्या भूमीचा ऋतू ओळखला. राय येथे ५ ऑगस्ट रोजी नव्या भाताची कणसे आशीर्वादिली जातात व तेथून कणसांच्या सणांना प्रारंभ होतो. आपल्या मंडळ्यांनीही आपापल्या मुख्य पिकाप्रमाणे दिवस ठरवावा. जेथे दोन हंगाम आहेत तेथे दोन उपासना ठेवण्यास कोणतीच हरकत नसावी.

२. खळ्याच्या कडेला उभा असलेला

अनुवादाच्या २६ व्या अध्यायात प्रथमउत्पन्नाची टोपली याजकाच्या हाती देताना काय बोलावे, हे सांगितले आहे. शेतकऱ्याने तेथे आपल्या मेहनतीचे वर्णन करावयाचे नाही. आपला पूर्वज भटका अरामी होता, आपले लोक मिसरात दास होते आणि परमेश्वराने त्यांना सोडवून ही भूमी दिली, हे त्याने स्मरावयाचे आहे. त्यानंतर आपले घराणे, लेवी व उपरी यांच्यासह त्याने आनंद करावयाचा आहे.

हे स्मरण आपल्या मंडळ्यांना परके नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे काम सुरू केले. पुढे त्या जिल्ह्यातील खेड्यांतून ख्रिस्तास शरण आलेल्यांत महार व मांग समाजांतील कुटुंबे फार होती. जालन्याजवळ, तेव्हाच्या निजामाच्या राज्यात, रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले, तेही अशाच लोकांना पाय रोवून उभे राहता यावे म्हणून. या घराण्यांचे वाडवडील मळणीच्या वेळी आपल्या वाट्याच्या धान्यासाठी खळ्याच्या कडेला उभे राहत. रास दुसऱ्याची, माप दुसऱ्याच्या हाती. मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली व ती बांधिलकी कायद्याने संपली. अशा घरातील मनुष्य जेव्हा स्वतःच्या रानातील पायलीभर बाजरी देवाच्या घरी आणतो, तेव्हा मिसरातून निघालेल्या लोकांचा तो कबुलीजबाब त्याच्या तोंडी अक्षरशः खरा ठरतो. पाळकाने तो त्याच्याकडून वदवून घ्यावा.

परंतु ज्याचे पूर्वज खळ्याच्या कडेला उभे होते, त्याच्या आजच्या खळ्याच्या कडेला कोण उभे आहे? शास्त्र शेताचे कोपरे कापू नका व सरवा वेचू नका, असे सांगते. रूथने बवाजाच्या शेतात दिवसभर सरवा वेचून एफाभर सातू घरी नेले, ते या आज्ञेच्या आधारावर. तो तिचा हक्क होता. त्यात दयेची भीक नव्हती. आज मळणीयंत्राने कणीस सांडत नाही आणि मजुरी रोख झाली. म्हणून सरव्याची आज्ञा रद्द झाली असे नव्हे. तिला नवे रूप द्यावे लागेल. मजुराची ठरलेली मजुरी उपकारस्तुतीच्या रविवारापूर्वी चुकती करणे, हे त्याचे पहिले रूप होय.

३. घरातील हात

शेतातील पेरणी, खुरपणी व वेचणी यांत स्त्रियांचे हात मोठे असतात. राखेत घोळून, कडुलिंबाचा पाला घालून बियाणे कणगीत जतन करणारीही तीच. तथापि अर्पण पुकारले जाते ते घरधन्याच्या नावाने. आम्हांस वाटते की, अर्पण कुटुंबाच्या नावाने घेतले जावे आणि पती, पत्नी व मुले यांनी ते एकत्र पुढे आणावे. आदल्या रात्री कौटुंबिक प्रार्थनेत काय द्यावयाचे हे सर्वांनी मिळून ठरवावे, म्हणजे मुलांनाही देण्याचे शिक्षण घरीच मिळेल. मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रियांची प्रथा या बाबतीत मननीय आहे. तेथे १९१० पासून स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ प्रभूसाठी बाजूला काढला जातो. त्या प्रथेस ‘बुहफाई थाम’ म्हणतात. तेथे अर्पणाचे स्थान चूल हेच आहे.

याच संदर्भात एक अवघड गोष्ट सांगणे प्राप्त आहे. मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती पित्याच्या मिळकतीत मुलगा व मुलगी यांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा समान वाटा देतो. गोव्याची दिवाणी संहिताही मुलामुलींत भेद करीत नाही. तरी माहेर तुटू नये म्हणून कित्येक बहिणी हक्कसोडपत्रावर अंगठा करून मोकळ्या होतात. सलाफहादाच्या मुलींनी मोशेपुढे उभे राहून वाटा मागितला, तेव्हा त्यांचे म्हणणे रास्त आहे असा निर्णय परमेश्वरानेच दिला. बहिणीचा वाटा दाबलेल्या जमिनीतील पहिली पेंढी वेदीवर कशी शोभेल?

४. लिलाव

लिलाव मुळात सोयीसाठी आहे. नाशवंत जिन्नस ठेवता येत नाही आणि मंडळीला खर्चासाठी पैसा लागतो; तेव्हा त्याची सरसकट निंदा करण्याचे कारण नाही. एका नारळाची बोली हसतखेळत चढते, त्यात मंडळीचा आनंदही असतो. धोका असा की, उपासनेत सर्व अर्पणे सारखी होती, ती लिलावात मोठी व लहान होतात. विधवेच्या दोन अंड्यांकडे कोणी पाहत नाही आणि नोकरीवरून सणापुरत्या आलेल्या बांधवाच्या बोलीस टाळ्या पडतात. प्रभू मंदिराच्या भांडारासमोर बसून देणाऱ्यांकडे पाहत होता, हे मार्काने १२ व्या अध्यायात लिहून ठेवले आहे. त्याच्या देखत बोली लावावयाची आहे, एवढे भान पुरे. शिवाय धान्याचा काही भाग लिलावात न घालता आजारी, वृद्ध व निराधार यांच्यासाठी वेगळा काढावा आणि त्याच संध्याकाळी पोहोचवावा.

५. पीक बुडाल्याचे वर्ष

खरी कसोटी येथे लागते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो शेतकरी आपली राने टाकून दुष्काळी कामांवर खडी फोडीत होते. तेव्हापासून आजवर अवर्षण, अवेळी पाऊस व गारपीट यांनी कितीतरी हंगाम नेले. अशा वर्षी उपकारस्तुतीचे काय करावे?

दोन चुका टाळाव्यात. सण गुपचूप रद्द करणे ही पहिली. त्यामुळे पीक नाही तर परमेश्वरापुढे बोलण्यासारखे काही नाही, असा अर्थ होतो. काही झालेच नाही अशा रीतीने नेहमीची स्तुती करणे ही दुसरी. योएल संदेष्ट्याच्या काळी टोळधाडीने सर्व खाल्ले व मंदिरातील अन्नार्पण बंद पडले, तेव्हा याजकांना वेदीपुढे शोक करण्यास सांगण्यात आले. हबक्कूकाने अंजीर, द्राक्षे, शेते, मेंढवाडे यांतील प्रत्येक नुकसान नाव घेऊन मोजले आणि मगच परमेश्वराच्या ठायी उल्लासण्याचा निश्चय केला. म्हणून त्या वर्षी रिकामी टोपलीच वेदीवर ठेवावी, कोणाचे काय गेले ते प्रार्थनेत नावानिशी मांडावे आणि उधार-उसनवार करून कोणी अर्पण आणू नये, असे पाळकाने आधीच स्पष्ट सांगावे. नहेम्याच्या ५ व्या अध्यायात दुष्काळामुळे शेते व घरे गहाण पडलेल्या लोकांची ओरड ऐकून त्याने सावकारी करणाऱ्या बांधवांना ती परत करावयास लावली. कर्जाने खचून जीव देण्याचा विचार मनात येणारा शेतकरी आपल्याही बाकांवर बसलेला असू शकतो. त्याच्या घरी त्या आठवड्यात पाळक व वडीलमंडळी गेली, तर उपासना तेथेही झाली असे आम्ही समजू.

सारांश, वाचकहो, यंदाचा सण ठरविताना मंडळीच्या सभेत पुढील प्रश्न विचारले जावेत. आपले पीक खरोखर केव्हा येते? मजुरांचे देणे फिटले काय? बहिणींचा वाटा पोहोचला काय? आणि आलेल्या धान्यातील कोणता भाग कोणाच्या दारी जाणार? त्यांची उत्तरे घेऊन जी मंडळी वेदीपुढे येईल, तिची पेंढी लहान असली तरी हरकत नाही.