मुलांची ‘रॉकस्टार’ बर्थडे पार्टी: धावपळ टाळायची? आधी संपण्याची वेळ ठरवा

चमचमते जॅकेट, काळा गॉगल, पुठ्ठ्याची गिटार आणि कराओके माइक... वाढदिवसाची ‘रॉकस्टार’ थीम मुलांना भलतीच आवडते. पण केक, स्पीकर आणि पाहुण्यांमागे धावताना आई-बाबांचीच पार्टी हुकते. ती हुकू नये म्हणून नियोजन शेवटाकडून सुरू करा.

वेळ आधी, सजावट नंतर
लहान मुलांना दोन तास पुरेसे होतात. पार्टी ७ वाजता संपवायची असेल, तर ५ वाजता खेळ-गाणी, ६ वाजता केक आणि मग खाणे.

कधी काय कराल?
• दोन आठवडे आधी: बजेट, पाहुण्यांची संख्या, निमंत्रण
• एक आठवडा आधी: केकची ऑर्डर, सजावटीचे सामान
• आदल्या दिवशी: गाणी डाउनलोड, माइक-स्पीकर चार्ज

प्रत्येक कामापुढे एकाचे नाव लिहा. ‘कुणीतरी करेल’ म्हटलेले काम हमखास राहते.

आवाज किती हवा?
ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५, तर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. प्रश्न फक्त शेजाऱ्यांचा नाही, मुलांच्या कानांचाही आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले, तर आवाज लगेच कमी करा. स्पीकर मुलांपासून लांब ठेवा.

गाणे नको म्हणणाऱ्या लाजाळू मुलाला आग्रह करू नका. उलटा स्टीलचा डबा आणि दोन चमचे द्या. बँडला ड्रमरही लागतोच!