एक डोळा झाक, मग सांग!

शेगावला गेलं की माझ्या तीन गोष्टी ठरलेल्या. गजानन महाराजांचं दर्शन, कचोरी आणि ताईचं ‘लग्न कधी करतोस?’वरचं लेक्चर. गेल्या दिवाळीत मात्र चौथीच गोष्ट घडली आणि आमच्या सगळ्यांचे डोळे उघडले. अगदी शब्दशः!

झालं असं, की परत पुण्याला निघताना सहा वर्षांची भाची मला सोडायला ताईसोबत स्टेशनवर आली. हातात गरमागरम कचोरी, सोबत तळलेली मिरची. मिरचीचा हात उजव्या डोळ्याला लागला आणि बाईसाहेबांनी भोकाड पसरलं. लक्ष दुसरीकडे वळवावं म्हणून मी म्हटलं, ‘‘ती समोरची पाटी वाच बरं!’’ तिनं रडं थांबवून पाहिलं. म्हणाली, ‘‘मामा, पाटीवर तर काहीच नाहीये.’’

पिवळ्या पाटीवर ठसठशीत काळ्या अक्षरांत गावाचं नाव होतं.

थोड्या वेळानं मिरची उतरली, उजवा डोळा उघडला आणि तिनं पाटी फाडफाड वाचली. आम्ही हसलो. मी गंमत म्हणून तिचा उजवा डोळा तळहातानं झाकला. पुन्हा काहीच नाही! आता कुणी हसलं नाही. मी गाडी सोडून दिली, बॉसला मेसेज टाकला आणि घरी परतलो.

घरी कोर्ट भरलं. ‘‘अरे, ती टीव्ही लांबून बघते, अभ्यासात हुशार आहे, डोकं दुखतं म्हणून कधी कुरकुर नाही,’’ ताई म्हणाली. सासूबाईंचा निकाल तयारच होता : ‘‘पोरीच्या जातीले आतापासून चष्मा? लोक काय म्हनतीन? गाजरं खाऊ घाला तिले.’’ मी एवढंच म्हणालो, ‘‘मावशी, गाजरं खाऊ द्या, पण उद्या अकोल्याला डॉक्टरांकडेही जाऊ द्या.’’

डॉक्टरांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि तपासलं. उजवा डोळा ठणठणीत. डाव्याला प्लस साडेचार! याला म्हणतात ‘आळशी डोळा’. शंभरातल्या दोन-तीन मुलांना तो असतो. पण डोळा बिचारा आळशी नसतोच. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन एम्प्लॉई आहेत. एकाचं काम स्पष्ट, दुसऱ्याचं धूसर. मग बॉस, म्हणजे मेंदू, सगळ्या फायली पहिल्याकडेच सरकवतो आणि दुसरा बेंचवर बसतो. वर्षानुवर्षं बेंचवर बसलेला माणूस काम विसरतो, तसा डोळा बघायला ‘शिकत’च नाही. नंतर कितीही भारी चष्मा लावा, उपयोग कमी. सात-आठ वर्षांच्या आत पकडलं तर फायदा सर्वांत जास्त. पुढेही सुधारणा होऊ शकते, पण मेहनत वाढते आणि फळ घटतं. आमच्याकडे वेळ होता, पण फार नव्हता.

आणि गाजरं? ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ती कामाची. चष्म्याचा नंबर मात्र गाजरानं जात नाही.

उपाय साधा. आधी पूर्ण वेळ चष्मा, मग चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी. पट्टी किती वेळ? अमेरिकेतल्या 2003 सालच्या एका अभ्यासात मध्यम स्वरूपाच्या आळशी डोळ्यासाठी रोजचे दोन तास सहा तासांइतकेच उपयोगी ठरले. भाचीलाही दोनच तास मिळाले.

आता तुमच्याकडे वळू. घरात लेक, भाचा, पुतणी, कुणी तरी असेलच ना? या रविवारी भिंतीवरच्या कॅलेंडरपासून त्याला थोडं लांब उभं करा. एक डोळा तळहातानं पूर्ण झाका (बोटांच्या फटीतून चोरून बघण्यात पोरं पटाईत!) आणि तारखा वाचायला लावा. मग दुसरा डोळा. दोन डोळ्यांत फरक वाटला तर डॉक्टर गाठा. फरक वाटला नाही तरी शाळेत घालण्याआधी एकदा नीट तपासणी हवीच. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि सरकारी शाळांमधल्या मुलांची तपासणी होते. आपल्या ‘इंटरनॅशनल’ शाळेत होते का, ते विचारा.

दुसरी काळजी मायनस नंबरची. 2050 पर्यंत जगातल्या निम्म्या लोकांना तो असेल, असा अंदाज 2016 साली संशोधकांनी मांडला. त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मुलांना रोज दोनेक तास उन्हात, मोकळ्यावर खेळू देणं. आणि ‘नंबर वाढेल म्हणून कमी नंबरचा चष्मा देऊ’ ही हुशारी तर नकोच. 2002 सालच्या मलेशियातल्या प्रयोगात अशा मुलांचा नंबर उलट जास्त वाढला.

परवा ताईनं व्हिडिओ कॉल लावला. पट्टी लावून भाची आजीच्या मांडीला खेटून बसली होती. पट्टीच्या वेळात जवळचं, बारीक काम करायचं असतं. त्यामुळे आजी पोथी वाचते आणि नात डाव्या डोळ्यानं अक्षरावर बोट ठेवत जाते. अजून अडखळते, ओळी चुकते. मी म्हटलं, ‘‘मावशी, लोक काय म्हणतात?’’

‘‘लोकायचं सोड,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तिले आता काना-मात्रा दिसते.’’