नातवाची विद्या, आजोबांची औषधे

दहावीनंतर नातू आयटीआयत ‘कोपा’ला, म्हणजे संगणक चालविण्याच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला गेला, की पुष्कळ घरांत खंत व्यक्त होते. मला ती अनाठायी वाटते. तेथे एक्सेलमध्ये तक्ते करावयास शिकवतात. तुमच्या औषधांच्या पिशवीला नेमकी त्याचीच गरज आहे.

गुडघ्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञ एक गोळी देतात, दाढेसाठी दंतवैद्य दुसरी. नावे निराळी, पण मूळ औषध कधीकधी एकच! वेदनाशामके अशी दुप्पट पोटात गेली, तर जठरास व मूत्रपिंडांस अपाय होतो. नातवाकडून पाकिटावरील मूळ औषधाचे नाव, मात्रा, वेळ व देणारे डॉक्टर असे रकाने करवून घ्या. दुकानातून परस्पर आणलेली गोळीही सांगा; बहुधा तीच लपवली जाते. यादी वर्णक्रमाने लावली, की दोनदा आलेले नाव चटकन दिसते. तरीही गोळी आपण होऊन बंद करू नका. छापील तक्ता डॉक्टरांपुढे ठेवा.

बँकेचा ओटीपी मात्र कोणालाच सांगू नये, नातवालाही नाही. आणि तो तासन्तास पडद्यासमोर बसला असेल, तर हाक मारून उठवा. एकटक पाहताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात.